गुळाच्या पट्ट्या, मध्यक आणि कॅसिओचा ९९१ईएक्स

कॅसिओचा एफएक्स-९९१ईएक्स हा कॅल्क्युलेटर इंजिनिअरिंगची पोरं घेतात. मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. माझं काम बेरीज-वजाबाकीचं: वजन गुणिले दर, त्यातून तोलाई, हमाली वजा, खाली निव्वळ रक्कम, आणि त्या हिशेबाची चिठ्ठी, म्हणजे पट्टी, शेतकऱ्याच्या हातात. त्याला बारा आकडी साधा कॅल्क्युलेटर पुरतो आणि गल्ल्याजवळ आजही तोच असतो. हा दुसरा घेतला तो एका प्रश्नासाठी, जो हंगामात सौदे सुरू झाले की दर वर्षी कुणी ना कुणी विचारतोच: "दिवाणजी, आजची सरासरी एकेचाळीसशे म्हणताय, मग आमच्या गावच्या सगळ्यांच्या पट्ट्या त्याच्या खालीच कशा?"

विचारणाऱ्याला वाटतं कुठंतरी पाणी मुरतंय. पाणी कुठंच मुरत नसतं. हिशेब बरोबर असतो, सरासरीही बरोबर असते; फक्त त्याला जे विचारायचं असतं त्याचं उत्तर सरासरीत नसतं, मध्यकात, म्हणजे दर क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यात, असतं. आणि हा कॅल्क्युलेटर ते दोन्ही आकडे एकाच हिशेबात पुढ्यात ठेवतो.

आधी आकडे. दर समजण्यापुरते धरलेत, क्विंटलचे. नऊ शेतकऱ्यांचा माल गेला: ३८००, ३९५०, ३७००, ६०५०, ३८५०, ३७५०, ४१००, ३८००, ३९००. बेरीज ३६,९००, भागिले नऊ, सरासरी ४१००. आता बघा, नऊपैकी सात जणांना ४१०० पेक्षा कमी मिळालेत, एकाला नेमके तेवढे, आणि एकटा वर आहे, तो ६०५० वाला. दिवाळी पाडव्याला यार्डात मुहूर्ताचा सौदा निघतो, तेव्हा पहिल्या मालाला मानाचा दर मिळतो, तसला तो दर. तो खराच आहे, रोख पैसे मोजलेत. पण त्या एका दरानं सगळ्यांची सरासरी ओढून वर नेली.

मध्यक काढायचा तर हे नऊ दर आधी लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे: ३७००, ३७५०, ३८००, ३८००, ३८५०, ३९००, ३९५०, ४१००, ६०५०. मधला कोणता? नऊमध्ये एक मिळवून दोनानं भागलं की पाच येतात, म्हणजे पाचवा, ३८५०. त्याच्या खाली चार, वर चार. शेतकऱ्याला खरं तर हेच जाणून घ्यायचं असतं: माझा माल रांगेच्या वरच्या अर्ध्यात गेला का खालच्या? ज्याला ३९०० मिळाले तो सरासरीच्या हिशेबानं मागं पडलेला दिसतो, आणि मध्यकाच्या हिशेबानं निम्म्याहून जास्त लोकांच्या पुढं असतो. त्याच्या गुळव्यानं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्यानं, काहिलीवर चांगलं काम केलंय हे त्याला कळायला पाहिजे. चुकीचा आकडा हातात देऊन त्याला नाराज घरी पाठवणं मला पटत नाही.

मुहूर्ताचा दर ६०५० च्या जागी १२,०५० झाला असता तर? सरासरी ४१०० वरून ४७६७ च्या घरात गेली असती. मध्यक ३८५० वरच. त्या टोकाच्या आकड्याचं मोजमाप मध्यकाला लागतच नाही, तो मधल्या आकड्याच्या वर आहे एवढंच त्याला पुरतं. नऊ दरांत वरचे चारही दर वाटेल तेवढे चढले तरी मधला जागचा हलत नाही.

संख्या सम असली की मधोमध एक आकडा सापडत नाही, दोन सापडतात. समजा संध्याकाळी दहावा माल आला, पावसानं ओल धरलेला, तो ३६०० ला गेला. आता रांगेत पाचवा ३८०० आणि सहावा ३८५०. दोघांची बेरीज करून निम्मी, ३८२५. त्या दिवशी ३८२५ ला एकही माल गेलेला नाही, तरी मध्यक तोच. पोरं इथं अडखळतात, "असा आकडा यादीत नाहीच की" म्हणतात. नसू दे. निम्मे खाली, निम्मे वर, एवढी अट तो पाळतो.

आता यंत्राकडं येतो. मेनूचं बटण दाबलं की चौकोनांची पाटी येते, त्यात ६ क्रमांकाला सांख्यिकी. आत गेल्यावर पहिलाच पर्याय एका चलाचा. मग उभा रकाना येतो आणि दर एकाखाली एक भरत जायचे. भरून झाले की पर्यायांच्या बटणातून एकचल गणन निवडायचं, की उत्तरांची यादी उलगडते: सरासरी, बेरीज, वर्गांची बेरीज, प्रचरण, प्रमाण विचलन, किती आकडे भरले ती संख्या, आणि खाली सरकत गेलं की सर्वांत लहान, पहिला चतुर्थक, मध्यक, तिसरा चतुर्थक, सर्वांत मोठा. शेवटचे पाच आकडे मला सगळ्यात मोलाचे. पाच ओळींत आख्ख्या दिवसाचा बाजार दिसतो: तळ कुठं, खालच्या अर्ध्याचा मधला दर कुठं, मध्य कुठं, वरच्या अर्ध्याचा मधला दर कुठं, माथा कुठं. त्याच कंपनीच्या जुन्या एमएस मालिकेतल्या यंत्रांवर सरासरी आणि प्रमाण विचलन मिळतं, मध्यक थेट मिळत नाही. या फरकासाठीच मी जास्तीचे पैसे दिले.

आकडे कोणत्याही क्रमानं भरले तरी चालतात, क्रम यंत्र आतल्या आत लावून घेतं. माझ्या घाईच्या वेळेला ही सोय उत्तम. शिकणाऱ्यासाठी मात्र यातच अडचण आहे, कारण लावलेली रांग पडद्यावर कुठंच दिसत नाही. भरलेली यादी भरलेल्या क्रमानंच राहते आणि खाली एकदम उत्तर येतं. मध्यक समजणं म्हणजे ती रांग डोळ्यांनी बघणं, आणि तीच यंत्र झाकून ठेवतं.

माझी पुतणी दहावीला आहे. तिच्या पाठ्यपुस्तकात, गणित भाग १ मध्ये, सांख्यिकी सहाव्या प्रकरणात येते. तिला मी यंत्र आधी दिलं नाही. जुन्या पट्ट्यांच्या कोऱ्या पाठीवर एकेक दर लिहून चिठ्ठ्या केल्या, सतरंजीवर ओळीनं मांडायला लावल्या. मग एक हात डाव्या टोकाला, एक उजव्या, आणि दोन्हीकडून एकेक चिठ्ठी एकदम उचलायची. उचलत गेलं की शेवटी एक उरते किंवा दोन. एक उरली तर तोच मध्यक, दोन उरल्या तर दोघींची निम्मी बेरीज. तिनं तीन-चार वेळा उचलून बघितलं आणि विचारलं, "काका, मग शेवटची चिठ्ठी लाखाची असली तरी ती पहिल्याच झटक्यात जाणार की?" जाणारच! त्यानंतर तिला सूत्र सांगायची गरज पडली नाही, एक मिळवून दोनानं भागायचं हे तिनंच बोटांवर मोजून काढलं. यंत्र त्याच्यानंतर हातात दिलं, उत्तर पडताळायला. माझा सल्ला सगळ्या पालकांना हाच आहे, आणि मी तो आग्रहानं देतो.

यंत्राचा खरा कस वारंवारतेच्या, म्हणजे एकेक आकडा किती वेळा धरायचा त्याच्या, रकान्यात लागतो. आमच्याकडं प्रत्येकाचा माल सारखा नसतो. कुणाचे दोन-चार रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, कुणाची ट्रॉली भरून. नऊ शेतकरी म्हणजे नऊ सारखे आकडे, असं धरलं तर दोन क्विंटलवाला आणि चाळीस क्विंटलवाला एकाच मापात येतात. म्हणून दुसऱ्या रकान्यात वजन भरायचं. सेटअपमधून वारंवारता चालू केली की तो रकाना उघडतो. उदाहरण घ्या: ३७०० ला १२ क्विंटल, ३८०० ला २५, ३९०० ला ४०, ४१०० ला १५, आणि मुहूर्ताचा ६०५० ला फक्त ३. एकूण ९५ क्विंटल, मधला अठ्ठेचाळिसावा. पहिल्या दराला १२, दुसऱ्यापर्यंत ३७, तिसऱ्यापर्यंत ७७, म्हणजे अठ्ठेचाळिसावा क्विंटल ३९०० च्या दरात पडतो. मध्यक ३९००, आणि सरासरी साधारण ३९४८.

दोघांत अंतर फक्त अठ्ठेचाळीस रुपयांचं. मघाच्या नऊ दरांत ते अडीचशे होतं. मुहूर्ताच्या दराला सरासरी एवढी वर नेता आली कारण आपण तीन क्विंटलला आणि चाळीस क्विंटलला सारखाच मान दिला होता. मध्यक आणि सरासरी शेजारी शेजारी ठेवण्याचा फायदा हा असा. अंतर मोठं दिसलं की मी लगेच यादी उघडतो आणि टोकाला काय बसलंय ते बघतो. कधी मुहूर्त असतो, कधी भिजका माल, कधी एखादा शून्य जास्त पडलेला असतो.

इथं मध्यकाची मर्यादाही सांगायला हवी, कारण नवीन शिकलेला माणूस सगळीकडं तोच लावायला बघतो. पैसे वाटायचे तेव्हा मध्यक कामाचा नाही. ९५ क्विंटल गुणिले सरासरी दर केलं की ३,७५,०५० येतात, आणि तेवढीच रक्कम खरेदीदाराकडून यायची असते. ९५ ला मध्यकानं गुणलं तर ३,७०,५०० येतात, आणि साडेचार हजार कुठं गेले म्हणून कुणीही विचारेल. एकूण रकमेचा हिशेब सरासरी बांधून ठेवते. मध्यक माणसाची जागा सांगतो. दोन्ही वेगवेगळ्या कामाचे आहेत आणि मला दोन्ही लागतात. बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, त्यातला सर्वसाधारण दर या दोघांपैकी कुठलाच नव्हे. बहुतेक माल ज्या दराला गेला तो तो, म्हणजे बहुलकाच्या जातीचा. वरच्या नऊ दरांत बहुलक ३८००, कारण तो दर दोनदा आलाय. तिन्ही आकडे खरे, तिन्ही वेगळे, आणि यार्डातली निम्मी भांडणं एकानं हा धरला आणि दुसऱ्यानं तो धरला यातून होतात.

बाजारातल्या अंदाजावरनं आठवलं. मध्यकाचा आग्रह धरणारा इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यानं १९०७ साली एक टिपण छापलं होतं. आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं कापून साफ केल्यावर वजन किती भरेल याचा अंदाज लावायची स्पर्धा होती. वाचता येतील अशा ७८७ चिठ्ठ्या त्यानं क्रमानं लावल्या आणि मधली काढली: १२०७ पौंड. खरं वजन ११९८ भरलं. सरासरी त्याहून जवळ होती, ११९७. तरी त्याचं म्हणणं असं की सरासरी घेतली तर जो जितका वाटेल तो आकडा सांगेल तितकं त्याचं पारडं जड होतं, आणि मध्यकात प्रत्येकाचं एकच मत. सौद्यात उभा राहिलेला माणूस हे लगेच ओळखेल. बोली लावायची नसलेला एखादा मागून भलताच आकडा ओरडतो, त्यानं सगळ्या बाजाराचा अंदाज का हलावा?

आता दहावीची पोरं ज्या कारणानं हे यंत्र मागतात त्याबद्दल. वर्गीकृत सारणीच्या गणितात यानं मिळणारा मध्यक पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही, आणि हे घेण्याआधीच माहीत असलेलं बरं. समजा एका गावच्या दूध संस्थेत ५० सभासद आहेत. रोज ० ते ४ लिटर घालणारे ६, ४ ते ८ घालणारे १४, ८ ते १२ घालणारे २०, १२ ते १६ घालणारे ७, १६ ते २० घालणारे ३. पन्नासचे निम्मे २५. संचित वारंवारता, म्हणजे पहिल्यापासून बेरीज करत गेलं तर, ६, २०, ४०. म्हणजे पंचविसावा ८ ते १२ च्या वर्गात. त्याच्या आधी २० जण होऊन गेले, अजून पाच पाहिजेत. वर्गात वीस जण आहेत आणि ते ८ ते १२ मध्ये सारख्या अंतरानं पसरलेत असं आपण धरतो. विसातले पाच म्हणजे पाव भाग, आणि चार लिटर रुंदीचा पाव भाग एक लिटर. आठ अधिक एक, मध्यक ९ लिटर.

पुस्तकातलं लांबलचक सूत्र हेच सांगतं: वर्गाची खालची मर्यादा, अधिक, निम्म्यातून आधीची संचित वारंवारता वजा करून वर्गाच्या वारंवारतेनं भागायचं आणि वर्गाच्या रुंदीनं गुणायचं. "अजून किती पाहिजेत, कितींतले, रुंदी किती" एवढं डोक्यात बसलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. वर्ग १० ते १४, १५ ते १९ असे तुटक असले तर आधी अर्ध्या अर्ध्यानं जोडून घ्यायचे (९.५ ते १४.५, १४.५ ते १९.५), एवढं विसरू नये.

हेच यंत्रात भरताना पोरं वर्गमध्य भरतात: २, ६, १०, १४, १८, आणि शेजारी वारंवारता. यंत्र उत्तर देतं १०. त्याच्या दृष्टीनं बरोबरच आहे, कारण त्याला वीस वेळा दहा दिलेत, वर्ग आठापासून सुरू होतो हे त्याला कुणी सांगितलंच नाही. वर्गाच्या आत शिरून मध्यक शोधण्याचं काम माणसानंच करायचं. शिवाय दहावीच्या बोर्डाच्या पेपराला कॅल्क्युलेटर नेता येत नाही. तेव्हा फक्त दहावीसाठी हे घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बी.कॉम.ला, बी.एस्सी.ला संख्याशास्त्र असेल, किंवा माझ्यासारखं रोज कच्च्या आकड्यांशी काम असेल, तर पैसे वसूल आहेत.

वापरातल्या बारीक गोष्टी. एका चलाची यादी १६० आकड्यांपर्यंत जाते, वारंवारतेचा रकाना उघडला की ८० ओळी. आमच्या दुकानाच्या एका दिवसाला पुष्कळ. सांख्यिकीतून बाहेर पडून दुसरा मोड निवडला, किंवा वारंवारता चालू-बंद केली, की भरलेली यादी जाते. म्हणून वजनाचा रकाना हवा की नको हे आधी ठरवायचं आणि मगच भरायला घ्यायचं. पडदा उजेडात, अगदी यार्डाच्या उन्हातसुद्धा, स्वच्छ दिसतो. त्याला स्वतःचा दिवा नाही, त्यामुळं मागच्या खोलीत दिवेलागणीनंतर बल्बखाली धरावा लागतो. वर सौर पट्टी आहे, आत बटणासारखा छोटा सेल.

मोबाईलवर हे सगळं फुकटात होतं, हे मला माहीत आहे. स्प्रेडशीटमध्ये मीडियन लिहून कंस केला की काम झालं, आणि यादी जपूनही राहते. महिन्याचा आढावा मी तिथंच घेतो. पण सौदा चालू असताना रव्याला हात लागलेला असतो, बोटं चिकट झालेली असतात, आणि काचेवर आकडे टिपताना एकाच्या दोन उमटतात. बटण दाबलं की दाबलेलं कळतं. शेतकऱ्यासमोर यंत्र ठेवून "हा बघा मधला दर, आणि ही तुमची पट्टी" असं दाखवणं मला मोबाईल पुढं करण्यापेक्षा बरं वाटतं. तो स्वतः बटण दाबून खाली सरकवून बघतो, किमान-कमाल वाचतो, आणि पुढचा प्रश्न दराबद्दल विचारतो, दिवाणजीबद्दल नाही.

मी राजारामपुरीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून घेतला, तेव्हा दीड हजाराच्या आसपास पडला. दुकानदारानं खोका उघडून सांख्यिकीचा मोड चालवून दाखवला. आता कंपनीनं ९९१सीडब्ल्यू आणलाय. त्यातही मध्यक मिळतो, पण बटणांची आणि मेनूची मांडणी बरीच बदललेली आहे. जुन्या यंत्राची सवय असलेल्यानं दोन्ही हातात घेऊन बघावेत. आणि ज्यांच्याकडं आधीच एमएस मालिकेतला एखादा पडून आहे त्यांनी घाई करू नये. पंधरा-वीस आकड्यांची रांग कागदावर लावून मधला काढायला यंत्र उघडण्यापेक्षा कमी वेळ लागतो. पट्ट्यांचा गठ्ठा पन्नास-साठच्या घरात गेला आणि वजनंही धरायची असली, की मग ९९१ईएक्सचा उपयोग सुरू होतो.